'फॉक्सट्रॉट' ऐकावा कसा: जेनेसिसच्या तेवीस मिनिटांच्या गाण्याची तयारी

जेनेसिस या इंग्लिश बँडचा 'फॉक्सट्रॉट' हा अल्बम १९७२ साली आला. गाणी सहाच, एकूण वेळ साधारण ५१ मिनिटं. त्यातलं शेवटचं 'सपर्स रेडी' एकटंच २३ मिनिटांचं आहे आणि याच गाण्यापाशी बहुतेक नवे श्रोते अडतात. काहीजण दहाव्या मिनिटाला कंटाळतात. काहीजण नेटाने शेवटपर्यंत जातात, पण 'शेवट एवढा का नावाजतात' हे त्यांना उमगत नाही. कारण साधं आहे. गाण्याचा शेवट पहिल्या सहा मिनिटांतल्या दोन चालींवर उभा आहे. त्या चाली विसाव्या मिनिटाच्या पुढे परत येतात. तोवर त्या डोक्यात राहिल्या नसतील, तर शेवट नुसता मोठ्या आवाजाचा वाटतो. त्या राहिल्या असतील, तर घशात आवंढा येतो.

म्हणून हा अल्बम एका दमात, पहिल्या गाण्यापासून सरळ ऐकू नका. आठवडाभरात चार बैठका ठेवा, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास. चौथी बैठक पूर्ण अल्बमची, तिला तासभर लागेल.

आधी यंत्रणा नीट लावा

कोणती प्रत ऐकायची हे आधी ठरवा. मूळ १९७२चं मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांची ध्वनिमुद्रणं जुळवून केलेली अंतिम आवृत्ती, १९९४च्या रीमास्टर सीडीवर मिळतं. २००७ साली निक डेव्हिस यांनी सगळे ट्रॅक नव्याने मिक्स केले. ते मिक्स २००८च्या '१९७०–१९७५' या बॉक्स सेटमध्ये आलं आणि स्ट्रीमिंगवर बरेचदा तेच हाती लागतं. नव्या मिक्समध्ये वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, बारा तारांच्या गिटारींमधला फरक कळतो. पण आवाज दाबून मोठा केलेला असल्याने हळू आणि जोरकस भागांतलं अंतर कमी होतं, आणि या संगीताचं अर्धं बळ त्या अंतरातच आहे. म्हणून पहिल्या तीन बैठकांना जुनं मिक्स घ्या. नवं मिक्स नंतर तपशील शोधायला उत्तम आहे.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हट्ट म्हणून सांगत नाही. माइक रदरफर्ड बेस गिटारबरोबर पायाने वाजवायचे बेस पेडल वापरतात आणि 'सपर्स रेडी'च्या सहाव्या भागाचा सगळा डोलारा त्या खालच्या सुरांवर आहे. फोनच्या स्पीकरमधून ते सूर बाहेरच पडत नाहीत, वर उरतो नुसता ऑर्गनचा कलकलाट. वायरचा साधा हेडफोन चालेल. दोन स्पीकर असतील तर ते आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू दीड-दोन मीटरची.

ॲपमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय, शून्यावर आणा. 'सपर्स रेडी'ला प्रास्ताविक नाही, पहिल्याच क्षणी गाणं सुरू होतं. क्रॉसफेड चालू असेल तर पहिले शब्द आधीच्या गाण्याच्या शेपटीत बुडतात. शफल बंद करा. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय प्रत्येक ट्रॅकला वेगळी लागू होत असेल, तर तीही बंद करा. नाहीतर 'होरायझन्स'ची एकटी गिटार पूर्ण बँडइतकी मोठी होते.

आता आवाज किती ठेवायचा ते बघा. लोक गाणं सुरू झाल्यावर आवाज ठरवतात. पण सुरुवात मंद आहे, त्यामुळे आवाज जास्त ठेवला जातो आणि विसाव्या मिनिटाला कान झाकावे लागतात. उलट करा. आधी 'सपर्स रेडी'च्या २०:५१वर (मिनिटं:सेकंद) जा, तिथे कानाला सोसेल इतका मोठा आवाज ठेवा आणि मग शून्यावर परत या. सुरुवात फार हळू वाटली तरी बटणाला हात लावू नका.

तबकडीवर ऐकणाऱ्यांना एक जास्तीची अडचण आहे. दुसऱ्या बाजूला 'होरायझन्स' आणि 'सपर्स रेडी' मिळून पावणेपंचवीस मिनिटांच्या आसपास संगीत बसवलंय. इतकं बसवायचं तर खाचा बारीक कापाव्या लागतात, म्हणून एकूण आवाज कमी असतो. शिवाय तबकडी एकाच गतीने फिरत असल्याने आतल्या, लहान वर्तुळांत सुईखालून दर सेकंदाला कमी लांबीची खाच सरकते आणि आवाज फाटण्याची शक्यता वाढते. या गाण्याचा सर्वांत जोरकस भाग नेमका तिथेच येतो. सुई स्वच्छ हवी. कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कोन तपासताना बाहेरच्या कडेइतकंच आतल्या वर्तुळाकडेही लक्ष द्या.

पहिली बैठक: पहिली बाजू

वाजवणारे पाचजण ओळखून घ्या. पीटर गॅब्रिएल गातात, बासरी आणि ओबोही वाजवतात. टोनी बँक्स ऑर्गन, पियानो आणि मेलोट्रॉनवर. स्टीव्ह हॅकेट गिटारवर. रदरफर्ड बेस, पेडल, बारा तारांची गिटार, मधून चेलो. फिल कॉलिन्स ड्रमवर. ते मागून साथीला गातातही, आणि गॅब्रिएल यांच्या आवाजाशी त्यांचा आवाज इतका मिळतो की वेगळा काढायला कान द्यावा लागतो.

'वॉचर ऑफ द स्काइज' मेलोट्रॉनने उघडतं. हे वाद्य कळलं की पुढचं बरंच उलगडतं. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्यांचा एकेक सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते, सोडली की मागे जाते. म्हणजे सूर आठ सेकंदांपलीकडे धरताच येत नाही. बँक्स यांच्या जीवा (एकत्र वाजणारे सूर, इंग्रजीत कॉर्ड) त्या मापात बदलतात, आणि फितीच्या किंचित डळमळीमुळे सूर थोडा हलतो. त्या कंपात जी पुरातन, ओसाड भव्यता आहे ती नव्या कीबोर्डवर सहज येत नाही. खर्ज सहसा जागेवर राहतो, वरच्या जीवा मात्र बदलत जातात. तानपुऱ्याच्या षड्जावर वाढलेल्या कानाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल.

सुमारे दीड मिनिटाने दुरून एक तुटक ताल येतो. सहा-सहा मोजा. पण दादऱ्यासारखा झोका शोधू नका, इथे तारायंत्राच्या कडकटीसारखे एकाच सुरावरचे ठोके आहेत. विषय असा: माणसाविना रिकामी पडलेली पृथ्वी एक परका जीव पाहतो. कल्पनेचं मूळ आर्थर सी. क्लार्क यांच्या १९५३च्या 'चाइल्डहुड्स एंड'मध्ये आहे, शीर्षक जॉन कीट्सच्या एका सुनीतातल्या ओळीतून घेतलंय.

'टाइम टेबल'वर फार थांबू नका. कोरीव लाकडी मेज आणि त्याभोवती बसून गेलेले राजेराण्या, पियानोवरची गोड चाल. बाजूतलं सर्वांत साधं आणि सर्वांत फिकं गाणं.

'गेट एम आउट बाय फ्रायडे' मात्र शब्द समोर ठेवून ऐका, नाहीतर हाती काही लागत नाही. साडेआठ मिनिटांचं छोटं नाटक आहे आणि गॅब्रिएल एकटेच सगळी पात्रं गातात: भाडेकरूंना हुसकावणारा कंपनीचा मालक, त्याचा गोडबोल्या दलाल, घर सोडावं लागणारी मिसेस बॅरो. आवाज बदलला की पात्र बदललं, ही खूण धरा. मग गाणं २०१२ सालात उडी मारतं, तेव्हाच्या चाळीस वर्षं पुढच्या भविष्यात. माणसाची उंची चार फुटांवर आणायचा हुकूम निघतो, म्हणजे त्याच इमारतीत दुप्पट माणसं कोंबता येतील. मधला संथ भाग लांबलाय हे खरं. पण तिथली बासरी मिसेस बॅरोच्या एकटेपणासाठी आहे हे कळलं की तो जड जात नाही.

'कॅन-युटिलिटी अँड द कोस्टलायनर्स' पहिल्या ऐकण्यात निसटतं आणि पाचव्या ऐकण्यात सर्वांत आवडतं होतं. शीर्षकात कॅन्यूट हे नाव लपलंय. अकराव्या शतकातला हा राजा. त्याने समुद्राला मागे हटायची आज्ञा दिली आणि लाटांनी ती मानली नाही, अशी त्याची कथा सांगतात. गाणं मुख्यतः हॅकेट यांचं. मध्यावर मेलोट्रॉन भरतीसारखा चढत येतो, तिथे कान ठेवा.

पहिली बैठक इथे संपली. दुसरी बाजू आज लावू नका.

दुसरी बैठक: दोन चाली पाठ करा

आधी 'होरायझन्स'. पावणेदोन मिनिटांहून कमी, हॅकेट यांची एकटी गिटार. बाखच्या पहिल्या चेलो सूटमधल्या प्रिल्यूडवरून सुचलेली रचना. तारेला नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सूर मधूनमधून येतात. हिचं काम कान धुऊन काढण्याचं आहे, म्हणून ती वगळून पुढे जाऊ नका.

मग 'सपर्स रेडी'चे पहिले दोनच भाग.

०:०० ते ३:४७, 'लव्हर्स लीप'. नवरा घरी येतो, टीव्ही बंद करतो, बायकोच्या डोळ्यांत पाहतो आणि तिचा चेहरा बदलताना दिसतो. बाहेर हिरवळीवरून कफन पांघरलेले सहाजण हळू चालत जातात, पुढे सातवा, हातात क्रूस उंच धरलेला. खाली बारा तारांच्या गिटारींची बारीक वीण. जीवेतले सगळे सूर एकदम न छेडता एकेक करून सोडलेले आहेत. सुरुवातीच्या ओळींची चाल गुणगुणता यायला हवी. ही चाल क्रमांक एक.

३:४८ ते ५:४३, 'द गॅरंटीड इटर्नल सँक्च्युअरी मॅन'. आवाज एकदम रुंद होतो. एक शेतकरी आहे, एक आग राखणारा आहे. हा आग राखणारा लोकांना शाश्वत आसऱ्याची हमी विकतो. तो भोंदू आहे, पण त्याला दिलेली चाल भव्य आणि सुंदर आहे. हा विरोधाभास मुद्दाम ठेवलाय. ही चाल क्रमांक दोन. शेवटी कोवळ्या आवाजातलं अंगाईसारखं कडवं येतं, तिथे थांबा.

हे पावणेसहा मिनिटांचं संगीत त्याच बैठकीत तीनदा ऐका. दुसऱ्या दिवशी काही न लावता दोन्ही चाली गुणगुणून पाहा. एकही आठवत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, पुन्हा ऐका. या सगळ्या वाटेवरची हीच पायरी गाळली जाते आणि सगळं इथेच बिघडतं.

तिसरी बैठक: मधला प्रवास आणि नऊ मात्रा

५:४४ ते ९:४२, 'इखनातन अँड इट्सॅकॉन'. लढाई. इखनातन हा इजिप्तचा फेरो, तर इट्सॅकॉन म्हणजे इंग्रजीतल्या 'ही तर फसवणूक' या शब्दांचा खेळ. गिटारचे सूर अतिवेगाने ओघळतात तिथे हॅकेट दुसऱ्या हाताच्या बोटांनी थेट गिटारच्या दांडीवर तार ठोकतात. हे तंत्र गाजलं ते पुढे १९७८नंतर, दुसऱ्यांच्या हातून.

९:४३ ते ११:०४, 'हाउ डेअर आय बी सो ब्यूटिफुल'. रणांगणावर सामसूम. पियानोच्या जीवा कुठून तरी उगवल्यासारख्या येतात, कारण पट्टीवर बोट पडल्याचा पहिला आघात ध्वनिमुद्रणात काढून टाकलाय आणि नंतरचा झंकार तेवढा वर आणलाय. तळ्याकाठी नार्सिसस बसलाय, ग्रीक कथेतला, स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेला. तो फूल होतो.

नवे श्रोते पहिल्यांदा इथे गळतात. आवाज इतका खाली जातो की मन भटकतं आणि मग ११:०५ला 'विलो फार्म' अंगावर येतं. हा धक्का हवा म्हणूनच ते तिथे आहे. गॅब्रिएल यांच्याकडे हे गाणं वेगळं तयार होतं, ते या शांततेनंतर थेट जोडलं. ठेका इंग्लिश तमाशाघरांतल्या विनोदी गाण्यांचा. बेडकाचा राजपुत्र, राजपुत्राची वीट, विटेचं अंडं, अंड्याचा पक्षी अशी रूपांतरं. शब्दांचा अर्थ लावत बसू नका. ध्यानात एवढंच ठेवा की सगळं काही दुसरं काही होतंय. ठेका थांबला की १५:३६पर्यंत बासरी आणि गिटारचा संथ प्रदेश आहे. इथे श्वास घ्या, पुढे चढ आहे.

१५:३६ ते २०:५०, 'अपॉकॅलिप्स इन ९/८'. आता हात वापरा. ताल नऊचा, तीन-दोन-चार असा मोडलेला. कर्नाटकी बोलांत 'तकिट तक तकधिमि'. गाणं न लावता आधी संथ म्हणा, प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी:

तकिट, तक, तकधिमि

तीन टाळ्या, तीन वेगवेगळी अंतरं. वीस आवर्तनं न चुकता झाली की गाणं लावा. सुरुवातीच्या कडव्यातच ताल पकडा, तेव्हा तो स्पष्ट असतो.

मग बँक्स यांचा ऑर्गन सोलो येतो आणि टाळी सुटते. ती सुटते कारण तुम्ही नकळत ऑर्गनच्या मागे जाता. खाली बेस आणि ड्रम नऊला चिकटून आहेत, पण ऑर्गनची वाक्यं नऊला जुमानत नाहीत, ती चारच्या किंवा सातच्या मापाने जातात. तबल्याच्या सोलोत लेहरा जागेवर राहतो आणि वरचा वादक दूर भटकून समेवर येतो, तशी ही रचना. लेहऱ्याचं काम इथे बेस करतो, त्याच्याकडे फक्त तीन सूर आहेत. ते कानात धरा, ऑर्गनकडे लक्ष देऊ नका. टाळी टिकली की ऑर्गन आपोआप ऐकू येतो, आणि तो किती लांब गेलाय हेही कळतं.

सोलोचा चढ टोकाला जातो तिथे गॅब्रिएल यांचा आवाज घुसतो आणि ६६६ या आकड्याचं नाव घेतो. हा भाग वाद्यांचाच राहणार अशी बँक्स यांची समजूत होती. आधी त्यांना हे खटकलं, मग पटलं. इथे नऊची पकड सुटू द्या आणि नुसतं ऐका.

विषयाची किल्ली मराठी बायबलमध्ये आहे, 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकात. समुद्रातून वर येणारं श्वापद, आकाशातून उतरणारा अग्नी आणि ६६६ हे १३व्या अध्यायात. गोग आणि मागोग २०व्यात, नवं यरुशलेम २१व्यात. १९व्या अध्यायाचं १७वं वचन आवर्जून वाचा: सूर्यात उभा असलेला देवदूत पक्ष्यांना देवाच्या मोठ्या भोजनाला बोलावतो. गाण्याच्या नावातलं जेवण तिथलं आहे. या चार अध्यायांना अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो.

चौथी बैठक: अखंड

पूर्ण अल्बम, मध्ये न थांबता. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, शब्दही समोर नकोत.

विसाव्या मिनिटानंतर ड्रमची थरथर आणि घंटा ऐकू येतील आणि त्यावर चाल क्रमांक एक परतेल, तोच नवरा तीच बायको. पण आता बारा तारांची नाजूक वीण नाही, सगळा बँड मागे उभा आहे. २०:५१ला 'ॲज शुअर ॲज एग्ज इज एग्ज' सुरू होतं ते चाल क्रमांक दोनवर. जी चाल भोंदूने आसरा विकण्यासाठी वापरली, तीच आता खऱ्या मुक्तीसाठी. पाचव्या मिनिटाला ती खोटी होती, एकविसाव्याला ती खरी ठरते, आणि सूर तेच आहेत. शब्दांनी हे सांगायला पानं लागली असती. शेवट विरत जातो. तो पूर्ण विरेपर्यंत हेडफोन काढू नका.

त्यानंतर

१९७३च्या 'जेनेसिस लाइव्ह'मध्ये 'सपर्स रेडी' शोधू नका, ते त्यात नाही. त्यात 'वॉचर' आणि 'गेट एम आउट' आहेत, आणि 'वॉचर' स्टुडिओपेक्षा तिथे जास्त आक्रमक आहे. गॅब्रिएल यांच्या आवाजातलं मंचावरचं 'सपर्स रेडी' हवं असेल तर 'आर्काइव्ह १९६७–७५' घ्या, त्यात ऑक्टोबर १९७३चा लंडनच्या रेनबो थिएटरमधला प्रयोग आहे. तेव्हा ते 'विलो फार्म'ला फुलाचा मुखवटा घालत. मुखपृष्ठावर पॉल व्हाइटहेडने रंगवलेली लाल झग्यातली कोल्हामुखी बाई आहे. तिच्यासारखा वेश करून ते सप्टेंबर १९७२मध्ये डब्लिनच्या मंचावर आले, बायकोचा झगा घालून, आणि तिथूनच त्यांच्या वेशांची सुरुवात झाली.

१९७७च्या 'सेकंड्स आउट'वर गॅब्रिएल नाहीत. कॉलिन्स गातात आणि ड्रमवर चेस्टर थॉम्पसन आहेत. आवाज नितळ आहे, बेस पेडल स्टुडिओपेक्षा खोल ऐकू येतात. नऊची टाळी अजून डळमळत असेल, तर सरावाला हीच प्रत लावा.